मागणे पुरे झाल्यावर



'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी कोकणातून जहाजात चढताना बरोबर आणली, आणि आजही घराघरांत ती ऐकू येते. माणूस अडचणीत असला की देवाचे नाव घेतो, अडचण सरली की देवही विसरतो आणि वैद्यही. ही गोष्ट केवळ आपल्याच लोकांची नव्हे. ख्रिस्ती बांधवांच्या धर्मग्रंथात, लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात, दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाही जणांनी येशूजवळ दया मागितली, दहाही जण बरे झाले, आणि आभार मानायला परत आला तो एकच. तोही शोमरोनी, म्हणजे त्या काळच्या यहुदी समाजाने परका मानलेला. बाकीचे नऊ कुठे गेले, असा प्रश्न तिथे विचारला आहे, आणि त्याचे उत्तर कथेत कुठेच नाही.

मराठी ख्रिस्ती लोकांनी या आभाराला एक सुरेख शब्द दिला आहे: उपकारस्तुती. आपल्याकडे नवस असतो. 'मुलगा परीक्षेत पास होऊ दे, गणपतीला एकवीस मोदक वाहीन.' त्यात देणे आणि घेणे दोन्ही आधीच ठरलेले असते. उपकारस्तुतीत आधी काही कबूल केलेले नसते. मागणे पुरे झाल्यावर माणूस आपणहून मागे वळतो, एवढेच. आता प्रत्यक्षात ख्रिस्ती माणसेही नवस बोलतात आणि आपल्यातही काही न कबुलता देवापुढे हात जोडणारे पुष्कळ आहेत, हे आपल्या बेटावर राहणाऱ्याला सांगायला नको. दर सप्टेंबरात सेंत-क्र्वा येथे पेर लाव्हाल यांच्या समाधीपाशी जी गर्दी लोटते, तिच्यात आपल्या मराठी आयाबायाही असतात. ९ सप्टेंबर १८६४ रोजी वारलेल्या त्या फादरांना १९७९ साली पोपने 'धन्य' म्हणून जाहीर केले, पण आपल्या लोकांनी पोपची वाट पाहिली नव्हती. कुणी मागायला जातो, कुणी आभार मानायला, आणि रांगेत उभे असताना कोण कशासाठी आला आहे हे ओळखता येत नाही.

आज आम्हाला लिहायचे आहे ते मात्र इंग्लंडविषयी. कारण मागितले, मिळाले आणि आभार मानले, या साध्या गोष्टीचा एकोणिसाव्या शतकात त्या देशात जितका हिशोब झाला, जितका वाद झाला, तितका क्वचितच कुठे झाला असेल. आणि त्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या केडगावात जाऊन पोचतो.

आधी वादाची गोष्ट सांगून टाकू. १८७१ सालच्या अखेरीस राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, पुढे सातवा एडवर्ड झालेला युवराज, विषमज्वराने आजारी पडला. दहा वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर १८६१ रोजी, त्याचे वडील प्रिन्स आल्बर्ट वारले होते, तेही विषमज्वरानेच असे सगळे समजत. त्यामुळे १४ डिसेंबर जसजसा जवळ येऊ लागला तसतसे लोकांचे धाबे दणाणले. देशभर चर्चमधून प्रार्थना झाल्या. आणि नेमक्या त्याच दिवसांत ताप उतरणीला लागला. २७ फेब्रुवारी १८७२ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये मोठी उपकारस्तुतीची उपासना झाली. राणी स्वतः आली, रस्ते माणसांनी फुलून गेले.

पण त्याच घरी मुक्काम असताना त्याच रोगाने युवराजाच्या सोबतचा एक उमराव, चेस्टरफील्डचा अर्ल, मरण पावला होता. आणि युवराजाचा मोतद्दारही मरण पावला होता. मोतद्दाराच्या आईने प्रार्थना केली नसेल काय? असा प्रश्न त्या वेळी अनेकांच्या मनात आला असला पाहिजे. त्याच वर्षी शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी एक सूचना प्रसिद्धीस दिली: इस्पितळातील एका विभागातील रोग्यांसाठी काही वर्षे खास प्रार्थना करावी आणि इतर रोग्यांशी तुलना करून पाहावी. फ्रान्सिस गाल्टन यांनी तर आकडेच मांडले. दर रविवारी राजाराणीच्या दीर्घायुष्यासाठी साऱ्या देशात प्रार्थना होते, आणि सुखवस्तू वर्गांच्या आयुर्मानाची तुलना केली तर राजघराण्यांतील माणसेच सर्वांत कमी जगतात, असे त्यांनी दाखवले. वर्तमानपत्रे आणि मासिके या वादाने भरून गेली.

आपल्या बेटावर १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल वादळ आले, तेव्हाच्या आठवणी वडीलधारे सांगत. ज्याच्या घरावरचे पत्रे राहिले त्याने देवाचे आभार मानले. शेजारच्याचे घर भुईसपाट झाले होते, आणि तोही रात्रभर जप करीत बसला होता. आभार मानणाऱ्याने ते मोठ्याने मानावेत की मनात, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आता ब्रिस्टलकडे वळू. या शहरात जॉर्ज म्युलर नावाचा एक माणूस होऊन गेला. जन्म २७ सप्टेंबर १८०५, प्रशियातील क्रोपेनश्टेट गावी. तरुणपण अगदी वाया गेलेले. वडिलांचे पैसे चोरणे, खानावळीचे बिल न देता पळून जाणे, आणि त्यापायी सोळाव्या वर्षी तुरुंगाची हवा खाणे, हे सारे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. विद्यार्थी असताना एका घरगुती प्रार्थनासभेत गेले आणि मन पालटले. १८२९ साली इंग्लंडला आले. पुढल्या वर्षी टेनमथ येथे धर्मोपदेशक असताना त्यांनी ठरीव पगार घेणे सोडून दिले, आणि आपल्या गरजा माणसापाशी मागायच्या नाहीत, फक्त देवापाशी मागायच्या, असा नेम धरला. १८३२ साली ते ब्रिस्टलला आले. त्या वर्षी शहरात कॉलऱ्याची साथ होती आणि रस्त्यांवर पोरकी मुले भीक मागत होती.

१८३५ च्या डिसेंबरात त्यांनी अनाथाश्रम काढायचे ठरवले. देवापाशी मागितले ते असे: घर, एक हजार पौंड, आणि मुलांना सांभाळणारी योग्य माणसे. पहिली देणगी आली एका शिलिंगाची. काही दिवसांनी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका आजारी बाईने शंभर पौंड देऊ केले. तिला वारसाहक्काने थोडी रक्कम मिळाली होती. म्युलरनी तिला परोपरीने सांगितले की बाई, नीट विचार करा. तिने विचार केलेला होता. पैसे तिने दिलेच.

पण खरी गंमत पुढे आहे. घर मिळाले, सामान आले, मदतनीस मिळाले. मुलांचे अर्ज घेण्याचा दिवस जाहीर झाला: ३ फेब्रुवारी १८३६. म्युलर ठरल्या वेळी जाऊन बसले. एकही अर्ज आला नाही. घरी परतताना त्यांच्या ध्यानात आले की आपण सगळे काही मागितले, मुले मात्र मागितलीच नाहीत. मुलांचा काय तोटा, ती आपोआप येतील, असे धरून चाललो. त्या रात्री त्यांनी त्यासाठी प्रार्थना केली, आणि दुसऱ्याच दिवशी पहिला अर्ज आला. ११ एप्रिल १८३६ रोजी विल्सन स्ट्रीटवरील ६ क्रमांकाच्या घरात मुलींचा आश्रम सुरू झाला. हजार पौंड पुरे व्हायला मात्र वेळ लागला: १५ जून १८३७ पर्यंत, म्हणजे अठरा महिने आणि दहा दिवस.

हे अठरा महिने आणि दहा दिवस आम्हाला फार आवडले. भक्तीच्या गोष्टी सांगणारे लोक बहुधा 'आणि लगेच चमत्कार झाला' असे सांगतात. म्युलर दिवस मोजतात. आम्ही पेशाने शिक्षक. हजेरीपट नीट भरणाऱ्या माणसाविषयी आम्हाला आपुलकी वाटते. १८३७ सालापासून त्यांनी आपली हकीगत पुस्तकरूपाने छापायला सुरुवात केली. त्यात कोणत्या तारखेला किती पैसे आले, किती शिलिंग, किती पेन्स, कोणत्या दिवशी पेटीत काहीच नव्हते, हे ओळीने मांडले आहे. देणाऱ्यांची नावे छापत नसत. वाचायला हे पुस्तक किराणा दुकानाच्या वहीसारखे आहे, आणि तीच त्याची थोरवी आहे. आभार मानायचे तर ते नेमके कशाबद्दल, हे त्या माणसाला रोज माहीत होते.

१८५७ च्या नोव्हेंबरअखेरची एक नोंद पाहा. तोवर अॅश्ली डाउन टेकडीवर मोठी नवी इमारत उभी राहिली होती, तीनशे मुलांची. तिला ऊब देणारा बॉयलर गळू लागला. दुरुस्तीसाठी विस्तव विझवणे भाग होते, आणि दिवस थंडीचे. कामाचा दिवस ठरला, आणि नेमका बोचरा उत्तरेचा वारा सुटला. म्युलरनी दोन गोष्टी मागितल्या: वारा दक्षिणेचा व्हावा, आणि कामगारांना कामाची ओढ लागावी. आदल्या संध्याकाळपर्यंत वारा उत्तरेचाच होता. ठरल्या दिवशी तो दक्षिणेचा झाला, हवा इतकी उबदार की विस्तवाची गरज भासली नाही. रात्री मुकादम म्हणाला, माणसे जातील आणि उद्या लवकर येतील. तेव्हा कामगारच म्हणाले, आम्ही रात्रभर काम करतो. आमच्या मते दोन मागण्यांत दुसरी जास्त कठीण होती! ज्याने घरावर पत्रे घालण्यासाठी कधी मिस्त्री लावला आहे, त्याला हे पटेल.

१८७० पर्यंत टेकडीवर अशा पाच इमारती झाल्या. त्यांत दोन हजारांवर मुलांची सोय होती. म्युलर १० मार्च १८९८ रोजी वारले, तोवर सुमारे दहा हजार मुले त्यांच्या हातून वाढली होती. त्या दगडी इमारती आजही उभ्या आहेत, जरी १९५८ नंतर तिथे अनाथाश्रम राहिला नाही.

टीका करणारे होतेच. १८५७ साली चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात म्युलरांच्या कामावर लेख आला होता. कामाची तारीफ होती, पण सारे प्रार्थनेनेच होते या म्हणण्यावर लेखकाचा विश्वास नव्हता. शंका सरळ होती. माणसापाशी मागत नाही म्हणता, आणि दरवर्षी अहवाल छापता. अहवाल म्हणजे मागणेच की! शंका आम्हालाही रास्त वाटते. पण १८४१ च्या डिसेंबरात आश्रमात पैशाची फार ओढ होती आणि अहवालाची वेळ आली होती. अहवाल काढला असता तर चार पैसे नक्की आले असते. म्युलरनी त्या वेळी तो मुद्दाम पुढे ढकलला आणि पुढचे काही महिने तंगीत काढले. शंका पुरती फिटत नाही. पण माणूस स्वतःशी खोटे बोलत नव्हता, एवढे दिसते.

आणखी एक गोष्ट म्युलरांनी कधी लपवली नाही. आश्रम काढण्याचा पहिला हेतू मुलांचे कल्याण हा नव्हता. देव आजही प्रार्थना ऐकतो हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा पहिला हेतू. मुलांचे पोट भरणे त्यानंतर. हे वाचून आम्ही थोडे थबकलो. पोरके मूल हे पुराव्याचे साधन? पण ज्या मुलींना दोन वेळचे जेवण, अक्षरओळख आणि निघताना पायात बूट मिळाले, त्यांनी यावर काय म्हटले असते, तेही विचारले पाहिजे.

म्युलरांची ही वही एका मराठी बाईच्या हाती पडली, आणि तिथून आपली गोष्ट सुरू होते.

पंडिता रमाबाई हे नाव आपल्या मराठीच्या वर्गात मुले ऐकतात, पण बहुधा एका परिच्छेदापुरते. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे; त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. १८७४ ते १८७७ च्या दुष्काळाच्या वर्षांत आईबाप गेले. भावाबरोबर रमाबाई पायी देशभर हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याला पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. भाऊ गेला, लग्न झाले, आणि १८८२ साली पतीही गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या, मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह. वॉन्टेज या लहान गावातील सिस्टरांच्या मठात त्यांची सोय झाली. याच पंथाच्या सिस्टर पुण्यात काम करीत असत.

वॉन्टेजची गोष्ट केवळ गोड करून सांगणे खोटेपणाचे होईल. तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत आनंदीबाई भगत यांनी स्वतःचा जीव घेतला. आपल्याला बळेच बाटवतील या भीतीने त्यांचे मन ढासळले होते, असे म्हणतात. परक्या देशात एकुलत्या सोबतिणीचे असे मरण पाहिल्यावर, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आपण होऊन मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. पण ज्यांना वाटले की आता ही बाई सिस्टरांच्या मुठीत गेली, त्यांनी तिची पत्रे वाचावीत. १९७७ साली ती पुस्तकरूपाने छापली गेली. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, लॅटिन आमच्या संस्कृतपेक्षा पवित्र आहे काय, असा वाद तिने घातला. त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घातला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात १८८४ ते १८८६ ती शिकली आणि संस्कृत शिकवलेही, आणि तिथल्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीही धर्मावर पत्रापत्री केली. मागे वळून आभार मानणारा तो शोमरोनी आम्हाला इथे आठवतो: परका, आणि म्हणून कुणाचा मिंधा नसलेला.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडल्यावर काही वर्षांनी रमाबाईंनी म्युलरांची हकीगत वाचली. त्याच सुमारास चीनमधील हडसन टेलर यांच्या मिशनची आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरील जॉन पेटन यांची हकीगतही वाचली. माणसापाशी न मागता केवळ देवावर भरवसा ठेवून हिंदुस्थानात असे काम चालेल काय, हा प्रश्न त्यांना पडला. तसे त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत नोंदवले आहे.

त्याच पुस्तकात १८९६ सालचा एक प्रसंग आहे. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांची सभा होती, आणि रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. पहाटे सूर्योदय पाहायला त्या रानात गेल्या. श्रद्धेत आलेल्या त्या पंधरा मुलींबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. आणि आभार मानता मानता मागितले: पुढच्या सभेच्या आत या संख्येचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. त्या वेळी त्यांच्या सदनात जेमतेम पन्नास मुली होत्या आणि त्याहून फार जास्त मुलींची सोयही नव्हती. गणित शिकवणाऱ्या कोणालाही हे वाचून हसू येईल. देवापाशी वर्ग मागणारी दुसरी बाई आम्हाला ठाऊक नाही.

दोनशे पंचवीस मुली आल्या. पण कशा आल्या? १८९६–९७ सालच्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे उपासमारीने मरत होती. लहानपणी स्वतः दुष्काळ भोगलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि अस्थिपंजर झालेल्या मुली, बालविधवा, तीनशेच्या वर गोळा करून आणल्या. केडगावच्या शेतावर त्यांची झोपड्यांत सोय केली. विहिरी खणल्या. तेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार माणसे राहत होती.

इथे आम्हाला पुन्हा तोच प्रश्न पडतो, जो ३ फेब्रुवारी १८३६ ला रिकाम्या खोलीत बसलेल्या म्युलरांकडे पाहून पडला होता. अनाथ मुले येऊ देत, असे मागायचे, म्हणजे काय मागायचे? कुणाचे आईबाप मरू देत, असे तर नव्हे? मागणाऱ्याच्या मनात ते नव्हते, हे उघड आहे. मुले आधीच पोरकी होती, मुली आधीच उपाशी होत्या. मागितले ते एवढेच की त्यांनी आपल्या दाराशी यावे. तरीही दोनशे पंचवीस हा आकडा भरल्याबद्दल उपकारस्तुती करताना दुष्काळ डोळ्यांआड करता येत नाही. रमाबाईंनी तो केला नाही, असे आम्हाला वाटते. त्यांच्या लिखाणात त्या मुलींच्या अंगावरील जखमा आहेत, सरकारी छावण्यांची दुर्दशा आहे, आणि त्याच पानांत देवाचे आभारही आहेत. दोन्ही एकत्र. ज्याला हे जमत नाही त्याने बहुधा मोतद्दाराला विसरून सेंट पॉल्सला जावे.

आणि न मिळालेल्या मागण्यांचे काय? ६ फेब्रुवारी १८७० रोजी म्युलरांच्या पत्नी मेरी वारल्या. एकोणचाळीस वर्षांचा संसार. आजारपणात त्यांनी प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? तिच्या अंत्यविधीचे प्रवचन पतीनेच केले. देवाने ती मला दिली हे चांगले केले, इतकी वर्षे ठेवली हे चांगले केले, नेली तेही चांगलेच केले, असा त्याचा गाभा होता. आम्हाला हे बोलवले नसते. पण तो माणूस बोलला, आणि वही पुढे लिहीत राहिला.

रमाबाईंची मनोरमा, आईबरोबर बाप्तिस्मा घेतलेली ती मुलगी, शिकून आईचा उजवा हात झाली होती. ती २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करीत होत्या, गावच्या बायकांना कळेल अशा मराठीत. काम बरीच वर्षे चालले होते. ते थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ साली पुस्तक बाहेर पडले. छापले ते केडगावातच, मुक्तीच्या छापखान्यात. तिथे खिळे जुळवायला बसत त्या बायकाच, दुष्काळात आलेल्या मुलींपैकी.